निधी गोळा करण्याआधी ठरवा: तपासणीनंतर ती बाई कुठे जाणार?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मैत्रिणीचं अंडाशयाच्या कर्करोगाने निधन झालं. तिच्या आठवणीत जमलेल्या तुम्हा सगळ्याजणींना सप्टेंबरमध्ये, म्हणजे स्त्रियांच्या जननमार्गाच्या कर्करोगांबद्दलच्या जागृतीच्या महिन्यात, पदयात्रा काढायची आहे. तिच्यातून निधी उभा करायचा आणि त्या पैशातून परिसरातल्या सगळ्या बायकांची ‘सीए-१२५’ ही रक्ततपासणी मोफत करून द्यायची. पैसे कोणाकडे आणि कसे मागावेत, लोकांसमोर काय बोलावं, असं तुम्ही विचारलं आहे.

मी स्त्रीरोगतज्ज्ञ आहे आणि दवाखान्याबाहेर अशा गटांबरोबर बरीच वर्षं काम करते आहे. म्हणून आधी स्पष्टच सांगते. पदयात्रा जरूर काढा, निधीही जरूर गोळा करा. पण तो सीए-१२५ वर खर्च करू नका. तुमची तळमळ खरी आहे आणि म्हणूनच ती अशा ठिकाणी लागावी, जिथे तिने एखादीचा जीव वाचेल.

सीए-१२५ हे एक प्रथिन आहे. अंडाशयाच्या कर्करोगात ते रक्तात वाढतं, हे बरोबर. उपचार चालू असलेल्या रुग्णाला औषध लागू पडतंय का, हे बघायला आम्ही ते नेहमी वापरतो. पण ते एंडोमेट्रिऑसिसमध्येही (गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढतो, त्या आजारात) वाढतं, गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी असल्या तरी वाढतं, पोटाच्या क्षयात, यकृताच्या आजारात, गरोदरपणात, इतकंच काय पाळीच्या दिवसांतही वाढतं. आणि कर्करोग अगदी पहिल्या अवस्थेत असतो, तेव्हा जवळजवळ निम्म्या बायकांमध्ये ते वाढलेलं नसतंच. म्हणजे जिला काही झालेलं नाही तिची झोप उडते आणि जिला खरोखर आजार आहे तिला ‘सगळं ठीक’ असा कागद मिळतो.

हे नुसतं माझं मत नाही. अमेरिकेत ७८ हजारांहून अधिक बायकांचा एक मोठा अभ्यास झाला. त्यातल्या निम्म्या बायकांची दर वर्षी सीए-१२५ आणि सोनोग्राफी केली गेली. २०११ मध्ये निष्कर्ष आले: अंडाशयाच्या कर्करोगाने होणारे मृत्यू कमी झाले नाहीत. उलट ३,२८५ बायकांना कर्करोग नसताना धोक्याचा अहवाल मिळाला, त्यातल्या १,०८० जणींवर शस्त्रक्रिया झाली आणि १६३ जणींना त्यातून गंभीर गुंतागुंत झाली. धडधाकट बायका होत्या या. पुढे ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक बायकांचा अभ्यास झाला, त्याचे अंतिम निष्कर्ष २०२१ मध्ये आले. मृत्यू तिथेही घटले नाहीत. म्हणून ज्यांना काही त्रास नाही आणि ज्यांच्या घराण्यात हा आजार नाही, अशा बायकांची सरसकट ही तपासणी करू नये, यावर तज्ज्ञांचं एकमत आहे.

मग अंडाशयाच्या कर्करोगासाठी काहीच करता येत नाही का? येतं. चार तक्रारी लोकांच्या कानावर पुन्हा पुन्हा घाला: पोट सारखं फुगल्यासारखं वाटणं, चार घास खाल्ले की पोट भरणं, ओटीपोटात दुखत राहणं आणि लघवीला घाईने किंवा वरचेवर जावं लागणं. या तक्रारी कोणाला कधी होत नाहीत? म्हणून सोबत हेही सांगा की त्या अलीकडे नव्याने सुरू झाल्या असतील आणि महिन्यातले बारा-तेरा दिवस किंवा जास्त राहत असतील, तर डॉक्टरांकडे जायचं, विशेषतः पन्नाशी ओलांडली असेल तर. गॅस झाला, वय झालं, म्हणून अंगावर काढायचं नाही. अशी तक्रार घेऊन आलेल्या बाईसाठी मात्र सीए-१२५ आणि सोनोग्राफी नक्की उपयोगाच्या आहेत.

दुसरी गोष्ट घराण्याची. ‘बीआरसीए-१’ या जनुकात दोष असेल, तर आयुष्यभरात अंडाशयाचा कर्करोग होण्याची शक्यता शंभरात चाळीस किंवा त्याहून जास्त असते; एरवी ती शंभरात एक-दोन इतकी कमी असते. जिला अंडाशयाचा कर्करोग झाला, तिच्या सख्ख्या बहिणींनी आणि सज्ञान मुलींनी जनुकीय सल्ला घ्यायला हवा. स्तनाच्या कर्करोगाचा इतिहास असलेल्या घरांनाही हे लागू आहे. तुमच्या मैत्रिणीच्या माहेरच्यांना हे कोणी सांगितलंय का, ते आधी बघा. त्यासाठी पदयात्रेची वाट बघू नका.

आता पैसा कुठे लावावा? माझं उत्तर: गर्भाशयमुखावर, म्हणजे गर्भपिशवीच्या तोंडाच्या कर्करोगावर. जननमार्गाचे मुख्य कर्करोग पाच: गर्भाशयमुख, अंडाशय, गर्भाशय, योनी आणि योनीचा बाहेरचा भाग. त्यांतल्या एकाच कर्करोगासाठी, त्रास नसलेल्या सर्व बायकांची तपासणी करून जीव वाचवता येतो, हे सिद्ध झालं आहे. तो म्हणजे गर्भाशयमुखाचा. कारण तो जवळजवळ नेहमीच एचपीव्ही या विषाणूमुळे होतो. हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हॅराल्ड त्सूर हाउझेन यांना २००८ मध्ये नोबेल मिळालं. संसर्ग अनेकींना होतो आणि बहुतेकींच्या शरीरातून वर्ष-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्या थोड्याजणींमध्ये तो ठाण मांडून बसतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारण १५ ते २० वर्षं लागतात (एचआयव्हीवर उपचार चालू नसतील तर हा काळ बराच कमी होतो). इतका वेळ आपल्या हातात असताना २०२२ या एका वर्षात जगात सुमारे साडेतीन लाख बायका या कर्करोगाने गेल्या आणि त्यातल्या ९० टक्क्यांहून जास्त गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांतल्या होत्या. मला याचा राग येतो. इतकी वर्षं झाली तरी तो कमी होत नाही.

तपासणीने नेमका किती फरक पडतो, हे बघायचं तर २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातला अभ्यास जगभर दाखल्यासारखा दिला जातो. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक ग्रामीण बायका त्यात होत्या. ज्या गटाला आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी देऊ केली गेली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. पण हे नुसत्या तपासणीने झालं नाही. अहवालात दोष आढळलेल्या बायकांची पुढची तपासणी आणि उपचार त्याच योजनेत बसवलेले होते. गट आणि संस्था हा भाग वाचत नाहीत आणि माझं तुम्हाला जे सांगणं आहे ते नेमकं इथेच आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये २०३० साठीचं लक्ष्य ठरवलं, ते ९०-७०-९० असं आहे. ९० टक्के मुलींना पंधराव्या वर्षापर्यंत लस, ७० टक्के बायकांची वयाच्या ३५ पर्यंत एकदा आणि ४५ पर्यंत पुन्हा एकदा चांगल्या दर्जाची तपासणी, आणि ज्यांच्यात आजार सापडेल त्यांच्यातल्या ९० टक्के बायकांवर उपचार. शिबिरं भरवणाऱ्यांचं लक्ष मधल्या आकड्यावर असतं, कारण त्याचे फोटो निघतात. शेवटच्या ९० साठी मात्र कोणी वर्गणी मागत नाही.

जरा हिशेब मांडून बघू. समजा तुम्ही तिशीच्या पुढच्या २०० जणींची एचपीव्ही तपासणी केली. शंभरात साधारण दहाजणींचा अहवाल पॉझिटिव्ह येतो, प्रदेशाप्रमाणे कुठे कमी, कुठे जास्त. म्हणजे वीस बायका. यातल्या बहुतेकींना कर्करोग झालेला नसतो. पण त्यांच्या गर्भाशयमुखाची नीट तपासणी व्हायला हवी, काहींची बायोप्सी (म्हणजे छोटा तुकडा काढून तपासणं) लागेल, काहींचा दोष असलेला भाग उष्णतेने जाळून टाकावा लागेल. ही थर्मल अ‍ॅब्लेशनची प्रक्रिया काही मिनिटांची असते, दाखल व्हावं लागत नाही. एखादीला मोठ्या रुग्णालयात पाठवावं लागेल. पदयात्रेची तारीख ठरवण्याआधी जवळच्या अशा रुग्णालयाशी बोला, जिथे हे सगळं होतं. ‘आमच्याकडून वीसेक बायका येतील, कोणत्या दिवशी पाठवू, कोणाला भेटायचं, खर्च किती?’ हे लेखी ठरलं नाही, तर तपासणी सुरूच करू नका. पुढची सोय नसताना बाईच्या हातात पॉझिटिव्हचा कागद ठेवणं हा तिच्यावर अन्याय आहे.

तपासणी स्वतः करता येते, हे कित्येकींना माहीतच नसतं. सगळ्यांना समजावताना मी नमुना घ्यायची काडी हातात देते. कान साफ करायच्या काडीसारखीच, फक्त लांब. पाळी चालू नसताना, आडोशाला जाऊन, उकिडवं बसून किंवा एक पाय उंचावर ठेवून ती योनीत हलकेच सरकवायची, अडेल तिथे थांबायचं, थोडा वेळ गोल फिरवायची आणि काढून नळीत टाकायची. दुखत नाही. कोणापुढे कपडे काढावे लागत नाहीत. टेबलावर झोपून तपासायला ज्या वर्षानुवर्षं तयार झाल्या नाहीत, त्या यासाठी तयार होतात. जागतिक आरोग्य संघटनेचीही या पद्धतीला मान्यता आहे.

आता त्या वीसजणींबद्दल. यातल्या बऱ्याच पुढच्या भेटीला येत नाहीत आणि लोक म्हणतात, ‘बायकांना स्वतःच्या तब्येतीची पर्वा नसते.’ हे मला अजिबात पटत नाही. पाठपुरावा करायला एक बाई नेमा, शक्यतो मानधन देऊन. तिच्याकडे एक वही असू द्या: नमुना घेतला ती तारीख, अहवाल आला ती तारीख, बाईला सांगितलं ती तारीख, पुढची भेट, भेट झाली का, उपचार झाला का, वर्षाने पुन्हा तपासणी झाली का. नाव वेगळ्या वहीत, इथे फक्त क्रमांक. दर आठवड्याला ही वही उघडायची आणि रिकाम्या चौकटी बघायच्या.

फोन कसा करायचा, हेही शिकवावं लागतं. पहिलं वाक्य: ‘ताई, आत्ता मोकळेपणी बोलता येईल का?’ नाही म्हणाली, तर कशाबद्दल ते न सांगता ‘मग कधी करू?’ एवढंच विचारून ठेवून द्यायचा. बोलता येत असेल, तर ‘याल ना?’ असं विचारायचं नाही. त्याला सगळ्या ‘हो’च म्हणतात. विचारायचं ते असं: येताना सोबत कोण असेल? कशाने येणार? तेवढा वेळ घरचं कोण बघेल? आमच्या एका कामात दोनदा तारीख चुकवलेल्या बाईला तिसऱ्यांदा हे विचारलं, तेव्हा कळलं की घरी अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आहेत आणि त्यांना एकटं सोडता येत नाही. गटातली एकजण त्या सकाळी त्यांच्याजवळ जाऊन बसली. बाई आली, उपचार झाला, दुपारी घरी परत गेली. औषधाच्या खर्चावाचून तिथे काही अडलेलं नव्हतंच.

म्हणून गोळा होणाऱ्या दर शंभरातले किमान चाळीस या कामासाठी बाजूला ठेवा: प्रवास, सोबतीणीचा प्रवास, बुडालेली रोजंदारी, बायोप्सी, पाठपुरावा करणारीचं मानधन. हा आकडा माझ्या अनुभवातला आहे. तुमच्याकडचं रुग्णालय मोफत असेल तर थोडा कमी होईल. पण शून्य कधीच होत नाही.

पैसे मागतानाही हाच हिशेब लोकांपुढे ठेवा. २०० जणींच्या तपासणीचा, वीसजणींच्या पुढच्या उपचाराचा आणि येण्याजाण्याचा सगळा खर्च एकत्र करून २०० ने भागा. येईल तो ‘एका बाईचा पूर्ण खर्च’. देणगीदाराला एवढंच सांगा: ‘एकीची जबाबदारी घ्याल का? दोघींची?’ ‘जमेल तेवढं द्या’ म्हटलं की लोक सुट्टे शोधतात. आकडा सांगा आणि मग गप्प राहा, समोरच्याला विचार करू द्या.

पदयात्रेच्या दिवशी पेटी फिरवून फारसं काही जमत नाही. पैसा आधी जमतो. चालणाऱ्या प्रत्येकीने आपल्या ओळखीच्या दहाजणांची यादी करायची आणि महिनाभर आधीपासून एकेकाला भेटून, नाहीतर फोन करून मागायचं. सगळ्यांना एकच निरोप पाठवून दिला तर कोणी हलत नाही. टी-शर्ट, फलक, मंडप यांवर जमलेल्या रकमेच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त जाऊ देऊ नका. तो खर्च कोणी परस्पर उचलत असेल तर उत्तमच. पैसे आले की दोन दिवसांत आभार, तीन महिन्यांनी हिशेब. किती बायका तपासल्या, किती पॉझिटिव्ह आल्या, त्यातल्या कितींचा उपचार पूर्ण झाला, कितींचा राहिला. राहिलेल्यांचा आकडा लपवू नका. तो सांगितला की लोक दुसऱ्या वर्षी जास्त विश्वासाने देतात.

कोणाच्याही खासगी खात्यात एक पैसाही घेऊ नका. वेगळं खातं, दोघींच्या सह्या. संस्थेची नोंदणी नसेल, तर एखाद्या नोंदणीकृत रुग्णालयाकडून किंवा संस्थेकडून ‘हा निधी याच कामासाठी वापरला जाईल’ असं पत्र घेऊन त्यांच्यामार्फत काम करा. आणि एका मोठ्या कार्यक्रमावर सगळं अवलंबून ठेवू नका. दर महिन्याला थोडं थोडं देणारी तीस माणसं ही एकदाच मोठी रक्कम देणाऱ्या एकापेक्षा जास्त कामाची, कारण पाठपुरावा वर्षभर चालतो. ब्रिटनमध्ये गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी काम करणारी ‘जोज सर्व्हायकल कॅन्सर ट्रस्ट’ ही नावाजलेली संस्थासुद्धा २०२४ मध्ये आर्थिक अडचणींमुळे बंद झाली आणि तिची मदतवाहिनीही थांबली. चांगलं काम चालू आहे म्हणून पैसा आपोआप येत राहील, असं धरून चालू नका.

लोकांसमोर काय बोलावं? मैत्रिणीची गोष्ट सांगा, घरच्यांची मनापासून परवानगी असेल तर. एका माणसाची गोष्ट जे करते ते दहा तक्त्यांनी होत नाही. ब्रिटिश दूरचित्रवाणीवरच्या जेड गुडीला गर्भाशयमुखाचा कर्करोग झाल्याचं २००८ मध्ये जाहीर झालं आणि मार्च २००९ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी ती गेली. त्या वर्षभरात इंग्लंडमध्ये अपेक्षेपेक्षा चार लाखांहून अधिक तपासण्या जास्त झाल्या. पुढे ती लाट ओसरली. पण लाट आली तेव्हा जायला दवाखाने होते, म्हणून तिचा उपयोग झाला.

गोष्टीनंतर मोजकंच सांगा, बायका घरात बोलतात त्या शब्दांत. पाळी कायमची गेल्यावर एक थेंब जरी रक्त दिसलं तरी डॉक्टरांकडे जायचं. अशा शंभरजणींत साधारण नऊजणींना गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग निघतो आणि लवकर कळला तर तो बहुधा बरा होतो. संबंधांनंतर रक्त जाणं, अंगावरून सतत दुर्गंधीयुक्त पांढरं जाणं, हेही दाखवायचंच. पाळीत गडाबडा लोळावं लागत असेल, तर ते ‘बाईच्या जातीला असतंच’ म्हणून सोडायचं नाही. एंडोमेट्रिऑसिस दहातल्या एकीला असतो आणि निदान व्हायला वर्षानुवर्षं जातात. अंग बाहेर येतं, हसताना-खोकताना लघवी होते, यावरही उपाय आहेत. आणि ९ ते १४ वयाच्या मुलींना एचपीव्हीची लस द्यावी. २०२२ पासून जागतिक आरोग्य संघटना या वयात एक मात्राही पुरेशी मानते. ती तुमच्या गटाने टोचू नये, शाळा किंवा सरकारी मोहीम असेल तिला बायका जोडून द्याव्यात.

भाषणापेक्षा चिठ्ठ्यांचा जास्त उपयोग होतो. सगळ्यांना कोरा कागद द्या, ज्यांना काही विचारायचं नसेल त्यांनीही काहीतरी लिहून घडी करून टाकायचं, म्हणजे कोणी काय विचारलं ते कळत नाही. हात वर करायला सांगितलं की सभा गप्प बसते. त्याच सभेतून चिठ्ठ्यांत मात्र असे प्रश्न येतात, जे त्या बायकांनी नवऱ्यालाही सांगितलेले नसतात. लिहिता न येणाऱ्यांसाठी बाजूला एकजण बसवा, जिच्या कानात सांगता येईल.

एचपीव्ही पॉझिटिव्ह आलेल्या बाईचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘म्हणजे नवरा बाहेर जातो का? की घरचे माझ्यावरच संशय घेतील?’ तिला सांगायचं की हा संसर्ग दहा-वीस वर्षं जुना असू शकतो, तो कोणाकडून आला हे कोणतीही तपासणी सांगू शकत नाही, आणि शरीरसंबंध आलेल्या बहुतेक स्त्री-पुरुषांना तो आयुष्यात कधी ना कधी होतोच. हे सांगायचं ते तिला एकटीलाच आणि तोंडी. घरातल्या सगळ्यांच्या हातात फिरणाऱ्या फोनवर अहवालाचा फोटो पाठवू नका. गटातल्या इतर जणींनाही कोणाचा अहवाल काय आला ते कळता कामा नये, मग त्या कितीही जवळच्या असोत. शिबिरातल्या रांगेचे फोटोसुद्धा देणगीदारांना पाठवू नका. रिकाम्या खोलीचा, नळ्यांच्या पेटीचा, चालणाऱ्या पायांचा फोटो पुरतो.

प्रायोजकांचं राहिलं. पदयात्रेचं नाव झालं की एखादी प्रयोगशाळा येईल आणि म्हणेल, ‘मोफत सीए-१२५ आमच्याकडून, फक्त आमचा फलक लावा.’ किंवा योनीच्या ‘स्वच्छते’चं द्रव्य विकणारं कोणीतरी येईल. योनी आतून धुवायची गरजच नसते, उलट धुण्याने अपायच होतो. बैठकीत आत्ताच ठरवून लिहून ठेवा की कोणाकडून पैसे घ्यायचे नाहीत, म्हणजे त्या क्षणी एकटीला नकार द्यावा लागणार नाही. त्याच प्रयोगशाळेला उलट विचारा: ‘आमच्या वीसजणींपैकी ज्यांना लागेल त्यांच्या बायोप्सीचे अहवाल वर्षभर मोफत कराल का?’ काहीजण हो म्हणतात.